एक्झॉस्टचं तोंड मागे असतं

गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही, कारण दोन्ही वीकेंड मी गाडीखाली आडवा होतो. गाडी म्हणजे १९९० सालची माझदा एमएक्स-५. इथे अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. दोन माणसं, एक पिशवी, आणि छप्पर दुमडलं की वर आकाश. यापलीकडे तिच्यात काही मावत नाही. गेल्या वर्षी मोठ्या हौसेने तिला बाजारातला एक्झॉस्ट बसवला होता, तो आता निम्मा-अधिक काढून टाकला. नखांतलं काळं अजून गेलेलं नाही, पण डोक्यातलं आजच लिहून टाकतो. आमच्या रविवारच्या गाडीवाल्या कंपूतल्या काही लोकांना ते आवडणार नाही. नाही तर नाही.

माझं म्हणणं साधं आहे. गाडीचा बाकीचा कुठलाही भाग तुम्ही बदला, तो तुमच्यासाठी असतो. सीट तुमच्या पाठीला, स्टिअरिंग तुमच्या हाताला, स्प्रिंगा तुमच्या मणक्याला. एक्झॉस्टचं तोंड मात्र मागे असतं. त्यातून जे निघतं ते पुढे बसलेल्या तुमच्यासाठी नसतंच, मागच्या लोकांसाठी असतं. म्हणून 'माझी गाडी, माझे पैसे, माझी मर्जी' हे वाक्य इतर सगळीकडे चालेल, एक्झॉस्टपाशी चालत नाही.

आता हे शहाणपण मला कसं आलं ते सांगतो. अर्थातच उशिरा आलं.

माझं सायलेन्सरविषयीचं सगळं ज्ञान पुण्यातलं. (आपल्याकडे इंजिनापासून शेपटापर्यंत सगळ्याला सायलेन्सरच म्हणतात, तेव्हा मीही तसंच म्हणायचो.) इंजिनिअरिंगला असताना सेकंडहँड आरएक्स १०० होती. नाना पेठेतल्या एका मेकॅनिकने सायलेन्सरच्या आतली नळी काढून दिली आणि म्हणाला, "आता बघा, विमान!" विमानाचा आवाज आला, पण पिकअप गेला. का गेला ते फार नंतर कळलं. टू-स्ट्रोक इंजिनात नवं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असतानाच जाळ बाहेर जात असतो, त्यामुळे थोडं ताजं मिश्रणही बाहेर सांडतं. सायलेन्सरचा आकार असा असतो की दाबाची लाट आतून आपटून परत येते आणि ते सांडलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ती भूमिती बिघडवली की बोंब. म्हणजे मेकॅनिकने पन्नास रुपये घेऊन माझं इंजिन बेसूर केलं होतं आणि मी नळ स्टॉपच्या सिग्नलला उगाच रेस करत छाती फुगवून उभा.

तेच अर्धवट ज्ञान घेऊन मी पंचवीस वर्षांनी कॅलिफोर्नियात मियाटाखाली शिरलो.

आमच्या कंपूत एक गृहस्थ आहेत, त्यांना आपण मोकळेपंत म्हणू. माणूस दिलदार. स्वतःचं गॅरेज, जॅक, पाने सगळं देणार, वर दुपारी पिझ्झा मागवणार. त्यांचं तत्त्वज्ञान एवढंच की इंजिनाला श्वास घेता आला पाहिजे, म्हणून वाटेतलं सगळं काढा. त्यांच्या सल्ल्याने मी तीन वस्तू मागवल्या: इंजिनाला लागणारा नवा हेडर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जागी बसणारा सरळ पाईप, आणि मागचा जाड तोंडाचा मफलर. त्या सरळ पाईपच्या खोक्यावर 'फक्त शर्यतीसाठी, रस्त्यावर वापरू नये' असं छापलेलं होतं. ते वाचून आम्ही दोघंही हसलो होतो.

बसवायला अख्खा शनिवार गेला. पस्तिशीला आलेल्या गाडीचे एक्झॉस्टचे नट म्हणजे नट नव्हेत, गंजाच्या गाठी. आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं होतं, तरी दोन बोल्ट तुटले. ऑक्सिजन सेन्सर निघता निघेना, शेवटी पान्याला लांब पाईप लावून दोघं लोंबकळलो. मफलर ज्या रबरी कड्यांना लटकतो त्यांना साबणाचं पाणी लावायचं असतं हे मोकळेपंतांनी शिकवलं. सगळे जोड आधी सैल ठेवायचे, पूर्ण एक्झॉस्ट सरळ लटकतोय की नाही बघायचं, मग पुढून मागे एकेक आवळत जायचं, हेही त्यांनीच. हे कौशल्य खरं आहे आणि त्याचा आनंदही खरा आहे, तो मी नाकारत नाही. संध्याकाळी किल्ली फिरवली आणि गॅरेजचं शटर थरथरलं. आम्ही दोघांनी टाळी दिली. प्रोडक्शनला कोड गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत वाटतं ना, अगदी तसंच वाटलं.

आणि प्रोडक्शनसारखंच, खरं काय ते नंतर कळलं.

मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. नशिबाने एक्झॉस्ट बदलायच्या आधी गाडी डायनोवर नेली होती, नंतर पुन्हा त्याच डायनोवर नेली. आधी चाकांवर ९३ हॉर्सपॉवर, नंतर ९६. मिळाले तीन. हवामान बदललं तरी एवढा फरक पडू शकतो. त्यातही तीन हजार आरपीएमच्या आसपास, म्हणजे शहरात आपण जिथे गाडी चालवतो तिथे, टॉर्कची रेघ आधीपेक्षा थोडी खालीच होती. दुसरीकडे फोनवरच्या अ‍ॅपने आवाज मोजला तर दहा डेसिबलची वाढ. डेसिबलचं गणित लॉगचं असतं. दहा डेसिबल वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, कानाला साधारण दुप्पट. ताकद तीन टक्के, आवाज दुप्पट. कुठल्याही कोड रिव्ह्यूत हा बदल मंजूर झाला नसता.

असं का, तर फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक स्फोटानंतर गरम वायूचा एक धक्का नळीतून निघतो. नळ्या जिथे एकत्र येतात तिथून त्या धक्क्याची उलटी, कमी दाबाची लाट परत येते. ती नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली तर उरलेला जाळ ओढून घेते. हा 'नेमका क्षण' नळीच्या लांबी-रुंदीवर ठरतो. नळी गरजेपेक्षा जाड केली की वायूचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमला इंजिन सुस्त होतं. 'इंजिनाला थोडा बॅक प्रेशर लागतोच' असं जे आपण ऐकत आलो तेही धड खरं नाही. दाबाचा फोर-स्ट्रोकला काही उपयोग नसतो, उपयोग असतो तो वेगाचा. पण 'जितकं मोकळं तितकी ताकद' हे त्याहून खोटं. शिवाय या गाडीचा मूळचा हेडर साधा बिडाचा गोळा नाहीच मुळी, माझदाने कारखान्यातूनच नळ्यांचा हेडर दिला होता. म्हणजे मी पैसे मोजून जे विकत घेतलं ते बरंचसं आधीच गाडीत होतं.

इथे थोडं विषयांतर करतो. ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आत. साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या ब्रिटिश गाड्यांची मजा, पण रोज सकाळी हमखास सुरू होणारी. तोशिहिको हिराई हे तिचे प्रमुख. 'घोडा आणि स्वार एक व्हावेत' ही त्यांच्या चमूची कल्पना, आणि त्यासाठी त्यांनी गिअरच्या दांड्यापासून एक्झॉस्टच्या आवाजापर्यंत सगळं मुद्दाम घडवलं होतं. आपल्याला ऐकू येतो तो आवाज अपघाताने तसा आलेला नाही, कोणीतरी बसून लावलेला आहे. मी हातोडी घेऊन तंबोरा जुळवायला बसलो होतो.

पुढे घणघण सुरू झाली. हायवेवर ३६०० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला १२० स्फोट करतं. नेमक्या त्या १२० हर्ट्झला गाडीची छोटी पोकळी घुमायला लागते. पहिल्या आठवड्यात मी त्याला 'कॅरॅक्टर' म्हणत होतो. दुसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "तुझं कॅरॅक्टर तू घेऊन जा, मी दुसऱ्या गाडीने येते." मीही कानात बोळे घालून चालवायला लागलो. विचार करा, हजार डॉलर देऊन आवाज घ्यायचा आणि दोन डॉलरचे बोळे घालून तो थांबवायचा. माझ्याकडे निदान बोळे तरी होते.

ज्यांच्याकडे नव्हते त्यांचं आता सांगतो.

उन्हाळ्यात आई आली सहा महिन्यांसाठी. पहिल्याच शनिवारी मी आठला गाडी काढली (स्कायलाइनवर सकाळचं धुकं निवळत असताना चालवण्यात जे सुख आहे ते आहेच). परत आलो तर म्हणाली, "अरे, इथे कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही म्हणून मी पुण्यात सगळ्यांना कौतुक सांगते. आणि तू हे काय घेऊन बसलायस? स्टोव्हसारखा वासही येतोय." मी तिला एक्झॉस्टचं शास्त्र समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि लाडू वळायला गेली.

आमच्या कारपोर्टच्या अगदी वर एक बाई राहतात. हॉस्पिटलात नर्स आहेत, मूळच्या फिलिपिन्सच्या. चार वर्षांत माझं आणि त्यांचं 'हाय' पलीकडे बोलणं नव्हतं. आईने पंधरा दिवसांत मोडक्या इंग्रजीत सगळी माहिती काढली, कारण लाडवांचा डबा गेला की तो रिकामा परत येत नाही, आणि डब्याबरोबर गप्पा येतात. त्यांची रात्रपाळी. शनिवारी-रविवारी सुद्धा. सकाळी साडेसातला घरी यायचं, आठला पाठ टेकायची. आणि आठला मी. गार इंजिन सुरू झालं की पहिला मिनिटभर जास्त आरपीएमला चालतं, तेही बरोबर त्यांच्या खिडकीखाली. दोन-तीन महिने त्या बेडरूम सोडून कपडे ठेवायच्या त्या छोट्या आतल्या खोलीत गादी टाकून झोपत होत्या. आईने ती गादी स्वतः पाहिली.

मी जाऊन माफी मागितली. "बोलला का नाहीत?" असं विचारल्यावर म्हणाल्या, "वाटलं, तुम्हाला तो आवाज खूप आवडतो."

याच्यापुढे तीन हॉर्सपॉवरचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. माणसं तक्रार करत नाहीत म्हणजे त्रास होत नाही असं धरून चालणं ही आपली सोय असते. लॉग लिहिला जात नाही म्हणून सर्व्हरवर एरर नाहीत असं कोणी म्हणालं तर आपण त्याला हसतो.

इतकं होऊनही मी काय केलं? गाडी ढकलत फाटकाबाहेर नेऊन सुरू करायला लागलो. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी खिडकीखाली. एक्झॉस्ट तसाच.

मग या वर्षी स्मॉग-तपासणीची नोटीस आली. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या गाड्यांना दर दोन वर्षांनी ही तपासणी लागते. माझ्या वयाच्या गाडीला आमच्या भागात रोलरवर चालवून शेपटाशी नळी लावतात, आणि खाली वाकून सगळे भाग जागेवर आहेत का तेही बघतात. मोकळेपंत म्हणाले, "सोपं आहे. आदल्या दिवशी जुना कॅट लाव, पास हो, दुसऱ्या दिवशी काढ. सगळे हेच करतात." उत्सुकतेपोटी मी आधी सरळ पाईप आणि तो हेडर तसाच ठेवून, नोंद न होणारी पूर्वचाचणी करून घेतली. नायट्रिक ऑक्साइड तेराशेच्या वर, सपशेल नापास. मग मूळचा हेडर आणि जुना कॅट परत बसवून गेलो. तीनशेच्या आत, पास. इंजिन तेच, पेट्रोल तेच. फरक एका खोक्याचा, ज्यात प्लॅटिनम-रोडियमसारख्या धातूंचा पातळ थर दिलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. १९९०च्या गाडीत कॅटच्या मागे दुसरा सेन्सर नसतो, त्यामुळे तो काढला तरी डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. वर्षभर गाडी मला काहीच बोलली नव्हती. गाडीने तरी का बोलावं म्हणा.

पासचा कागद हातात घेऊन उभा असताना मला २०१५ आठवलं. फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं तो सप्टेंबर. त्यांच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर तपासणी चालू आहे हे ओळखायचं, तेवढ्यापुरता धूर साफ करायचं आणि रस्त्यावर आलं की सोडून द्यायचं. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. सगळ्यात तावातावाने मीच बोलत होतो, "कोणीतरी आपल्यासारख्याच इंजिनिअरने हा इफ-एल्स लिहिला असेल ना? त्याला झोप कशी लागते?" आणि आता मोकळेपंत मला तोच इफ-एल्स सांगत होते. फक्त कोडऐवजी पान्याने लिहायचा.

कॅट काढलाच नाही मग.

हे खोकं आपल्या गाड्यांत का आलं तेही आपण विसरतो. लॉस एंजेलिसमध्ये दिवसाढवळ्या डोळे चुरचुरायचे, समोरचा डोंगर दिसायचा नाही. कॅलटेकमधल्या हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरणातून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात शिजून ते धुकं तयार होतं. त्यावर भांडणं झाली, कायदे झाले, आणि १९७५ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना कॅट सर्रास लागायला लागला. शिशामुळे तो निकामी होतो, म्हणून त्याच्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आलं. आज स्कायलाइनवर उभं राहून खाली खाडीपर्यंत स्वच्छ दिसतं ना, ते बघायला आपण ज्या गाडीतून जातो तिचाच कॅट काढून जातो.

आता मोकळेपंतांचे मुद्दे एकेक घेतो, नाहीतर म्हणतील एकतर्फी लिहिलं.

"एक जुनी गाडी, वर्षाला दोन हजार मैल, काय एवढं?" माझ्याच कागदावरचे आकडे बघा, चौपटीहून जास्त. शिवाय कारपोर्टच्या वरच्या खिडकीला राज्याची सरासरी लागू पडत नाही. तिला एकच गाडी पुरते.

"मोठ्या आवाजाने जीव वाचतो, लोकांना गाडी येतेय हे कळतं." तोंड मागे आहे हो! समोरून वळणाऱ्या ट्रकला ते सगळ्यात कमी ऐकू जातं आणि तुम्ही निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांना सगळ्यात जास्त. समोरच्याला सांगायला गाडीत हॉर्न दिलेला आहे.

"क्लासिक गाड्यांना सूट हवी." २०२५ मध्ये इथे पस्तीस वर्षांवरच्या गाड्यांना स्मॉग-तपासणीतून सूट देणारं विधेयक आलं होतं. जुन्या गाड्यांचे शौकीन जे लेनो यांनी पाठिंबा दिल्यामुळे त्याला लेनोंचं नाव पडलं होतं. ते समितीतच अडकलं. त्या वेळी मीही हळहळलो, कारण जुन्या गाडीला तपासणी करून देणारं दुकान शोधणं हा खरंच ताप आहे. पण ज्यांच्यामुळे अशी सूट द्यायला लोक कचरतात ते आपणच. आदल्या दिवशी कॅट लावणारे.

"कायदा आवाजावर ९५ डेसिबलची परवानगी देतो, मी आत आहे." असाल. कायदा सकाळी आठला लाडू घेऊन शेजारी जात नाही.

आता दुसऱ्या टोकाचे सोवळेशास्त्रीही आहेत. गाडीवर कारखान्यातला नसलेला एक वॉशर दिसला तरी त्यांना आंघोळ करावी लागते. त्यांच्याशीही माझं जमत नाही. मूळ मफलर गंजून चाळण झाला तर बाजारातला चांगला लावण्यात काही पाप नाही, स्टेनलेसचा घ्या, जास्त टिकेल. गाडी चालवायची वस्तू आहे. माझा विरोध बदलाला नाही. मोजमाप न करता, पूर्वीचे भाग भंगारात घालून, आणि त्रास दुसऱ्याच्या खात्यावर टाकून केलेल्या बदलाला आहे.

सध्या माझ्या गाडीत मूळचा हेडर आहे, मूळचा कॅट आहे, आणि मागे बाजारातलाच पण मोठ्या पोटाचा, शांत मफलर. वरच्या आरपीएमला अजूनही अंगावर काटा येईल असा गातो, खाली गप्प बसतो. सगळं बोल्टवर आहे, कुठेही कापाकापी नाही, उद्या पूर्ववत करता येईल. कॅट अन् हेडर मी फेकले नव्हते एवढीच माझी एक अक्कल. तुम्हीही काढलेला भाग फेकू नका. जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा. आणि महाराष्ट्रात जे बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावून फिरतात आणि पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला की हळहळतात, त्यांनाही हेच सांगणं आहे. रोडरोलर येईपर्यंत थांबू नका.

आई परत गेली नोव्हेंबरात. गेल्या शनिवारी नवा मफलर लावून आठला गाडी काढली आणि अर्ध्या तासात परत येऊन वर डबा द्यायला गेलो (लाडू बायकोचे, आईच्या फोनवरच्या देखरेखीखाली). दार उघडायला वेळ लागला. बाई डोळे चोळत आल्या. झोपल्या होत्या. मी बेल वाजवून उठवलं त्यांना.

असो. शिकतोय हळूहळू.